बिचोलिम नावाचे गाव मला ठाऊक नाही

प्रति,
मुंबई-पुण्याच्या मराठी दैनिकांचे, वाहिन्यांचे आणि पोर्टलांचे संपादक,
तसेच त्यांच्याकडे भाषांतर करणारे, मथळे देणारे आणि रात्रपाळीला बसणारे सगळे

सप्रेम नमस्कार.

मी डिचोलीचा. गेल्या पावसाळ्यात तुमच्यापैकी एकाच्या अंकात बातमी होती : ‘उत्तर गोव्यातील बिचोलिम येथे बाजारपेठेत पाणी शिरले.’ वाचून हळहळलो. बिचाऱ्या बिचोलिमकरांची काय दैना झाली असेल! दोन ओळी पुढे गेलो तेव्हा ध्यानात आले की ते पाणी आमच्याच बाजारातले, आणि त्याच पाण्यातून चपला हातात घेऊन मी तो अंक विकत आणला होता.

बिचोलिम नावाचे गाव मला ठाऊक नाही. सत्तर वर्षे इथे राहतो आहे. मराठीत आम्ही डिचोली म्हणतो, कोकणीत दिवचल. म्हापशाच्या स्टँडवर बसचा किलिंडर दारात लोंबकळत ‘दिवचल, दिवचल, दिवचल’ असा पुकारा करतो आणि आमची माणसे तो पुकारा ऐकून बसमध्ये चढतात. बसच्या कपाळावर रोमन लिपीत काय लिहिले आहे ते फक्त पर्यटक वाचतात.

इंग्रजी पत्रांशी माझे भांडण नाही. त्यांनी त्यांच्या लिपीतले स्पेलिंग लिहावे. भांडण तुमच्याशी आहे, कारण तुम्ही मराठी लिहिता आणि हे नाव मराठीत आयते पडून आहे. शिवाजी महाराजांनी १६६८ साली सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार केला ते नार्वे आमच्याच तालुक्यात. मराठी माणसाला त्या देवळाचा अभिमान आहे, असायलाच हवा. पण त्या नार्व्याचेही एका मराठी प्रवासलेखात ‘नरोआ’ झालेले मी पाहिले. महाराज नरोआला कधी गेले नव्हते हो.

पणजीतल्या एका मराठी दैनिकात मी एकतीस वर्षे मुद्रितशोधक होतो, त्यामुळे ही नावे कशी बिघडतात ते आतून पाहिले आहे. पूर्वी बातमी टेलिप्रिंटरवर इंग्रजीत यायची. नवा उपसंपादक असला, त्यातून घाटावरचा असला, की समोरचे अक्षर बघून अक्षर उतरवायचा : पेरनेम, क्वेपेम, संक्वेलिम, कानाकोना. मी लाल शाईने खोडून वर लिहायचो : पेडणे, केपे, साखळी, काणकोण. आठवड्याभरात पोरगा शिकायचा. तेवढ्यासाठी मी एक वही केली होती, डावीकडे रोमन लिपीतले नाव आणि उजवीकडे आमचे. आता बातमीचे भाषांतर यंत्र करते. यंत्राला कोणी लाल शाई दाखवत नाही, आणि तुमच्याकडे मुद्रितशोधकाचे टेबल तरी उरले आहे की नाही, देव जाणे. निवडणुकीच्या निकालादिवशी चाळीस मतदारसंघांची नावे पडद्याखालून सरकत जातात तेव्हा मी मुद्दाम बसून बघतो. ‘कर्चोरेम’मध्ये कोण आघाडीवर आहे ते वाचून घरातली मुले मला विचारतात, आजोबा, हे कुठल्या देशात? कुडचड्यात, बाळांनो. परवा आपण लग्नाला गेलो होतो तिथे.

आता यात पोर्तुगिजांचा दोष किती, ते सांगतो. तुम्हाला वाटते त्यापेक्षा खूप कमी.

पेडणें, सांगें, केपें, मांद्रें, हळदोणें. कोकणीत ही नावे अशी नाकात संपतात. जुन्या मराठीतही संपत होती. आपण पुणें लिहीत होतो, ठाणें लिहीत होतो. पोर्तुगीज लिपीत शब्दाच्या शेवटी एम आला की तो ओठ मिटून म्हणायचा नसतो, आधीचा स्वर नाकातून काढायचा असतो. म्हणजे ज्या लेखनिकाने पेडण्याच्या शेवटी एम लिहिला त्याने आपला अनुस्वारच लिहिला. कान चांगला होता बेट्याचा. पुढे इंग्रजी वाचणारे आले, त्यांनी तो एम ओठ मिटून वाचला आणि पेरनेम जन्माला आले. गंमत बघा : मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी आपण ते अनुच्चारित अनुस्वार लेखनातून काढून टाकले. पुण्यावरचा गेला, ठाण्यावरचा गेला. पेडण्यावरचा मात्र पोर्तुगीज एमच्या वेषात आमच्या पाट्यांवर अजून बसून आहे, आणि मराठी माणूसच त्याला ओळखेनासा झाला आहे.

मडगांवचेही तसेच. शेवटच्या ‘गांव’साठी पोर्तुगिजांनी एच्या डोक्यावर एक नागमोडी रेघ काढली. ती रेघ म्हणजे पुन्हा आपला अनुस्वारच. साळगांव, ताळगांव, आसगांव, मुरगांव, सगळ्यांवर ती होती. इंग्रजी टंकयंत्रावर ती रेघ नव्हती, म्हणून पडली, आणि आसगावचे ‘असागाओ’ झाले. आमचा ड त्यांच्या कानाला र लागला, म्हणून पेडणे, मडगाव, कुडचडे, चोडण या चारही नावांत तुम्हाला र सापडेल. त्यांचा एच मुका, म्हणून हणजूणचा ह गेला, हळदोण्याचा गेला, हरमलचा गेला. आज मराठी तरुण ‘अंजुना’ला जातो आणि ‘अराम्बोल’ला राहतो. म्हापशातला स लिहायला त्यांच्याकडे सी होता, खाली शेपटी काढलेला. शेपटी गळाली आणि काही काळ लोक नकाशावर ‘मापुका’ वाचत होते.

आणि एक्स! पोर्तुगीज एक्स म्हणजे आपला श. म्हणून शेल्डे गाव रोमन लिपीत एक्सने सुरू होते. त्याच एक्सने आमची शागोतीही सुरू होते. ओले खोबरे, खसखस, मसाले भाजून, वाटून केलेली ती शागोती तुमच्या रविवार पुरवण्यांत ‘झाकुटी’ म्हणून येते. एकदा ‘क्साकुटी’ही आली होती. ती छापणाऱ्याला मी जेवायला बोलावणार होतो. बायको म्हणाली, त्याला तो शब्द मोठ्याने म्हणायला लावा, मगच वाढते.

हसण्यावारी नेण्यासारखे आहे खरे, पण वसईचा विचार करून बघा. पोर्तुगिजांनी वसईचे बसाईं केले, इंग्रजांनी त्याचे बसीन. १८०२ च्या तहाला इंग्रजी पुस्तके बसीनचा तह म्हणतात. उद्या एखाद्या मराठी पत्राने ‘चिमाजी अप्पांनी १७३९ साली बसीन जिंकले’ असे छापले तर तुमच्या कचेरीतला फोन दिवसभर वाजत राहील. १९९५ मध्ये मुंबईचे नाव अधिकृतपणे मुंबई झाले तेव्हा तुम्ही अग्रलेख लिहिले होते. ते मी कापून ठेवलेत. त्यातला एकेक शब्द डिचोलीला लागू पडतो.

माणसांच्या नावांतही हेच घडले, आणि तिथे ते जास्त बोचते. कोकणीतला अ थोडा गोल, ओकडे झुकणारा. त्यामुळे पोर्तुगीज दफ्तरात प्रभूचा पोरोबो झाला, कामताचा कामोतीं, भटाचा बोतो, शेणवीचा सिनाय. माझे आजोबा पांडुरंग प्रभू. दफ्तरात ‘पांडुरोंगा पोरोबो’. वडिलांनी शाळेत प्रभू लावले, मीही तेच लावतो. काही वर्षांपूर्वी वडिलोपार्जित जमिनीच्या कामासाठी एका कचेरीत गेलो, तर खिडकीतला तरुण म्हणाला, हे पोरोबो तुमचे कोण? म्हटले आजोबा. म्हणाला, आडनाव वेगळे दिसते, पुरावा आणा. ज्या दफ्तराने माझ्या आजोबांचे नाव बिघडवले त्याच दफ्तरासमोर मी त्यांचा नातू असल्याचा पुरावा घेऊन तीन महिने फिरलो. खिडकीतल्या तरुणाचे स्वतःचे आडनाव नाईक होते. आणखी दोन पिढ्या मागे जाऊन बघ, तुझेही स्पेलिंग सापडेल, असे म्हणायचे ओठावर आले होते, पण काम अडले असते.

आता जरा मोठ्या नावांकडे येतो. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स. मराठीत क्रिस्तपुराण लिहिणारा, म्हणून तुम्हाला माहीत असतो. त्याने आमच्या बोलीचे व्याकरणही लिहिले, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये राशोलला छापले गेले. त्या व्याकरणाच्या नावात भाषेला ‘कानारीं’ म्हटले आहे. कानडा प्रांतावरून पडलेले हे नाव. पोर्तुगीज या किनाऱ्यावर आले आणि इथल्या माणसाला आणि त्याच्या बोलीला, दोघांनाही त्यांनी हेच नाव लावून टाकले. इथला माणूस कानडी आहे की नाही, ते त्यालाच विचारावे असे कोणाला सुचले नाही. हळूहळू ‘कानारीं’ ही शिवी झाली. १८५८ मध्ये कुन्य रिवार यांनी या भाषेच्या इतिहासावर निबंध लिहिला, तेव्हा मथळ्यात कोंकणी हे नाव आले. तेही एका पोर्तुगीज माणसाच्याच हातून, ही गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी. बाहेरचा माणूस म्हणजे प्रत्येक वेळी नाव बिघडवणाराच असे नाही. कान देणाराही असतो.

‘नव्या काबिजादी’ हा शब्द तर आम्ही स्वतःच वापरतो, मीही वापरत होतो. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हे मुलूख पोर्तुगिजांनी अठराव्या शतकात घेतले, म्हणून ते ‘नवे’, आणि तिसवाडी, बारदेस, साष्टी हे सोळाव्या शतकातले, म्हणून ‘जुने’. नवे कोणाला? घेणाऱ्याला. जे घेतले गेले त्यांच्या गावात ना काही नवे होते, ना काही जुने. सत्तरी होती तिथेच होती. साष्टीच्या नावात सहासष्ट गावे आहेत, तिसवाडीच्या नावात तीस वाड्या. ही मोजणी घरात बसलेल्या माणसाची. पोर्तुगिजांनी तिसवाडीला नुसते ‘बेटे’ म्हटले, कारण ते जहाजावरून बघत होते.

इतके वाचून तुम्ही म्हणाल, हे गृहस्थ भाषाशुद्धीवाले दिसतात. तसे नाही. परक्याला आपल्या तोंडाला जमेल ते नाव देणे ही सगळ्या जगाची रीत आहे आणि तिच्यात आम्हीही आलो. ‘इंग्रज’ हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला; लंडनच्या माणसाला तो सांगून बघा, ओळखणार नाही. वलंदाजही तसाच. जर्मन माणूस स्वतःला डॉइच म्हणतो, फ्रेंच त्याला आलमां म्हणतात, स्लाव भाषांत त्याचे नाव ‘मुका’ या अर्थाच्या शब्दाशी नाते सांगते (आपली बोली ज्याला कळत नाही तो मुका, हा हिशेब), आणि आमच्या स्वयंपाकघरात जर्मन म्हणजे ॲल्युमिनियमचा टोप. गोव्यात पोर्तुगिजांना आम्ही पाखले म्हणत होतो. त्यांना कोणी विचारले नव्हते. घाटावरून आलेल्याला इथे घाटी म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. मराठी माणूस दाक्षिणात्य दिसला की मद्रासी म्हणून मोकळा होतो, मग तो तेलुगू असो की मल्याळी. तेव्हा आमचे हात धुतलेले आहेत असा माझा दावा नाही.

मग कुठले नाव चालू द्यायचे आणि कुठले सोडायचे? अभ्यासक स्वनाम (आपले आपण घेतलेले नाव) आणि परनाम (बाहेरच्यांनी दिलेले नाव) असे शब्द वापरतात. संयुक्त राष्ट्रांनी १९६७ मध्ये जिनिव्हाला भौगोलिक नावांवर पहिली परिषद भरवली तेव्हापासून यावर ठराव होत आले आहेत. माझी कसोटी मुद्रितशोधकाची, म्हणजे साधी आहे : ज्याचे नाव आहे त्याला विचारा. व्युत्पत्तीला विचारू नका.

व्युत्पत्तीला का नाही, ते एस्किमोंवरून सांगतो. आपल्या शाळेत सगळ्यांनी वाचले, एस्किमो बर्फाच्या घरात राहतात. त्या शब्दाचा अर्थ ‘कच्चे मांस खाणारे’ असा सांगितला जायचा. पुढे भाषातज्ज्ञांनी शोध घेतला, त्यांच्या मते मूळ अर्थ बर्फावर चालायच्या जोड्यांची वीण घालणारे असा असावा. म्हणजे शिवी नाहीच. पण त्याने काय फरक पडतो? १९७७ साली अलास्कात बॅरो गावी ग्रीनलंड, कॅनडा आणि अलास्काचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी ठरवले की आम्ही इनुइट. प्रश्न मिटला. मिटला म्हणजे अर्धा मिटला, कारण अलास्कातलेच युपिक लोक म्हणतात, आम्ही इनुइट नव्हे, आम्ही युपिक. एकाचे घरचे नाव शेजाऱ्याच्या दारावर ठोकले तर तेही बाहेरचेच होते. आणि ज्या बॅरोत ही परिषद भरली त्या गावाने २०१६ मध्ये मतदान करून स्वतःचे बॅरो हे नाव काढले आणि उत्कियाग्विक हे जुने घेतले. अगदी थोडक्या मतांनी. गावात वाद झाले असणारच. नावावरून भांडण न होणारे गाव मी अजून पाहिलेले नाही.

एवढ्या लांब कशाला, अरुणाचलात बघा. आदी लोकांना आसामी शेजारी अबोर म्हणत, म्हणजे कोणाला न जुमानणारे. ब्रिटिशांनी तेच नाव नकाशावर आणि मोहिमांवर लावले. न्यिशींना डफला म्हणत. संविधानातील अनुसूचित जमातींच्या यादीतून डफला जाऊन तिथे न्यिशी यायला २००८ साल उजाडले. लुशाई टेकड्यांचा जिल्हा १९५४ मध्ये मिझो झाला. आसामात मिकीर टेकड्यांचे १९७६ मध्ये कार्बी आंगलाँग झाले. आणि महाराष्ट्रात? गोंड स्वतःला कोयतूर म्हणतात, हे तुमच्या किती वाचकांना माहीत आहे?

गोव्यातली एक गोष्ट मात्र तुम्ही सगळ्यांनी लिहायला हवी आणि सहसा लिहीत नाही. इथल्या देवळांच्या आश्रयाने राहणाऱ्या, गाणे-बजावणे आणि देवळातली सेवा करणाऱ्या लोकांना गाव वेगवेगळ्या नावांनी ओळखायचे. कलावंत, भाविण, देवळी, नायकीण, बांदे. प्रत्येक नावात कोणीतरी वरून खाली बघत होते. कलावंतातही बाईला कलावंतीण म्हणताना आवाजाचा सूर बदलायचा, तो माझ्या लहानपणीपर्यंत मी ऐकला आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत या लोकांनी आपसांत बसून, वाद घालून, संस्था काढून, ही सगळी नावे उतरवून ठेवली आणि स्वतःचे एक नाव घेतले : गोमंतक मराठा समाज. त्या नावाबरोबर शाळा आल्या, वसतिगृहे आली, लग्ने आली, आणि पूर्वीच्या चालीरीती त्यांनी स्वतःच मोडल्या. त्याच समाजातले भाऊसाहेब बांदोडकर मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांनी तर आडनावात गावच घेतले. कुर्डी पुढे साळावली धरणाच्या पाण्यात गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की गावाचे चौथरे वर येतात आणि लोक देवाला नमस्कार करायला जातात. गाव पाण्याखाली आहे, नाव गाण्याच्या मैफलीत अजून घेतले जाते.

आता तुमचे वार्ताहर या गायिकांवर लिहितात तेव्हा पहिल्या वाक्यात ‘देवदासी परंपरेतील’ असे घालतात. इतिहास लिहिताना तो शब्द लागेल, मान्य आहे. पण ज्या माणसांनी वर्षानुवर्षे खटपट करून स्वतःसाठी नाव मिळवले, त्यांच्या नातवंडांच्या तोंडावर तुम्ही पहिल्याच ओळीत जुने नाव मारता. निदान दुसऱ्या परिच्छेदापर्यंत थांबा. आणि समाजाचे जे नाव आहे ते आधी लिहा.

एक अडचण माझ्या स्वतःच्या कसोटीत आहे, ती लपवत नाही. पणजीत मळ्याच्या बाजूला, फोंतेन्यासच्या गल्ल्यांत, लहानाची मोठी झालेली माझ्या वयाची एक बाई ‘पंजिम’ म्हणते. तिची आई पंजिम म्हणायची. तिच्यासाठी ते परक्याचे नाव नाही, तिचे घर त्याच नावात आहे. तिला मी कुठल्या तोंडाने सांगू, की बाई, पणजी म्हण? मुरगावच्या बंदराशेजारचे शहर वास्को द गामाच्या नावाने आहे, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला हमाल, कोळी, रेल्वेचा कारकून सगळे ‘हांव वास्कोचो’ म्हणतात. दा गामाचा त्याच्याशी संबंध काय? काहीच नाही. नाव वापरून वापरून त्यांचे झाले. म्हणून मी नामांतरवाल्यांच्या मिरवणुकीत जात नाही. वरून कोणी येऊन गावाला शुद्ध, संस्कृत, तेजस्वी नाव देऊन जातो, तेही बाहेरचेच. गोव्याचे गोमंतक करा, गोपकपट्टण करा, असे सुचवणारी पत्रे मी आयुष्यभर दुरुस्त केली. आम्ही घरी गोंय म्हणतो.

नदीचेही असेच आहे. आमची म्हादई कर्नाटकात उगम पावते, तिथे तिला महादायी म्हणतात, आणि खाली पणजीजवळ येईपर्यंत ती मांडवी झालेली असते. पाणीतंट्याच्या लवादाने २०१८ मध्ये निवाडा दिला तेव्हा तुमच्या सगळ्या मथळ्यांत ‘महादयी’ होते, जे ना वरच्यांचे ना खालच्यांचे. वरच्या गावांना आपले नाव लावायचा पूर्ण अधिकार आहे. पण गोव्याची बाजू सांगताना तरी म्हादई लिहा. जी माणसे तिच्यासाठी रस्त्यावर उतरली त्यांच्या फलकांवर तेच होते.

आणि ते ‘गोवन’. गोवन थाळी, गोवन लोक, गोवन संस्कृती. मराठीत गोमंतकीय आहे, गोवेकर आहे, आमचे आम्ही गोंयकार म्हणतो. तीन शब्द हाताशी असताना चौथा इंग्रजीतून उचलायची एवढी निकड कसली?

माझी मागणी फार नाही. तुमच्या वृत्तकक्षात एक पान लावा, त्यावर बारा तालुके आणि नेहमी लागणारी शंभर-दीडशे गावे. पाळोळेला पालोलेम, बाणावलीला बेनौलिम, थिवीला थिविम छापून जाते ते या एका पानाने थांबेल. यंत्राला भाषांतर करायला द्यायचे असेल तर तेच पान त्यालाही द्या. ते माझ्यापेक्षा लवकर शिकेल म्हणतात. माझी वही तयार आहे. तिच्या झेरॉक्सचा खर्च मी सोसतो, टपालाचा तुम्ही सोसा. आणि एखाद्या जमातीबद्दल, समाजाबद्दल लिहायचे असेल तर वहीवर विसंबू नका, त्यांच्यापैकी कोणाला तरी फोन लावून विचारा की तुम्ही स्वतःला काय म्हणता. एका फोनचे काम आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक
डिचोली, गोवा

ता. क. : हे पत्र लिहून टेबलावर ठेवले होते. आमच्याकडे भाजी घेऊन येणारी बाई गावडा समाजातली, चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. मी चहा करेपर्यंत तिने शेजारी उघडी असलेली वही चाळली. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, हे काय लिहिले आहे, गावडेवाडा? म्हटले, तुमचा वाडा. म्हणाली, ‘गावडेवाडो तुमी म्हणटात. आमी वयलो वाडो म्हणटात.’ वयलो म्हणजे वरचा. पंचायतीच्या कागदावर गावडेवाडा आहे, मी लहानपणापासून गावडेवाडाच म्हणत आलो आहे, आणि तिचे घर माझ्या घरापासून अर्ध्या किलोमीटरवर. वहीत लाल शाईने दुरुस्ती केली आहे. तुम्हाला जी झेरॉक्स येईल ती दुरुस्तीनंतरची असेल.